नाकाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी

‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो; परंतु ज्या घरात मुलगी उपवर आहे आणि तिच्या नाकाकडे पाहून दोन स्थळे परत गेली आहेत, त्या घरात ती कोणी उच्चारीत नाही. अशा एका घरचे गृहस्थ मध्यंतरी रविवारच्या मिस्सानंतर माझी वाट पाहत थांबले होते. सौंसरच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराचे पैसे हाती आले होते आणि ते मुलीच्या नाकाच्या ऑपरेशनला लावावेत, असे घरात ठरले होते. देवाने दिलेले रूप बदलल्याने पाप तर लागणार नाही ना, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. “फादर, तुम्ही हो म्हटले की परवाच नागपूर गाठतो,” ते म्हणाले.

त्यांच्या शंकेला उत्तर देणे फारसे अवघड नव्हते. पोप बारावे पायस यांनी 4 ऑक्टोबर 1958 रोजी, म्हणजे आपल्या निधनाच्या अवघ्या पाच दिवस आधी, इटलीतील प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांपुढे याच विषयावर भाषण केले होते. शरीराचे व्यंग दूर करणे किंवा रूप सुधारणे यात मुळात वावगे काही नाही. मात्र हेतू सरळ असावा, प्रकृतीला मोठा धोका नसावा आणि ज्या कारणासाठी हे करावयाचे ते त्या कष्टाच्या तोलाचे असावे, असा त्या प्रतिपादनाचा आशय आहे. हे मी त्यांना सांगितले. त्यांचा चेहरा उजळला आणि ते उठू लागले. तेव्हा मी सहज विचारले, “मुलीला नाकाने श्वास नीट घेता येतो का?”

ते पुन्हा खाली बसले. मुलगी लहानपणी झाडावरून पडली होती. तेव्हापासून ती तोंड उघडे टाकून झोपते आणि सकाळी घसा कोरडा पडलेला असतो. पंधरा वर्षांत या गोष्टीसाठी कोणी तिला डॉक्टरांकडे नेले नव्हते. बाहेरून दिसणाऱ्या उंचवट्यासाठी मात्र बागेचे उत्पन्न बाजूला काढले होते!

वाचकहो, नाक हे आधी श्वासाचे इंद्रिय आहे, मग शोभेचे. आत मधोमध कूर्चेचा व हाडाचा एक पडदा असतो. आपण ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतो, तेव्हा बहुधा हाड वाढलेले नसते. हा पडदा एका बाजूस वाकलेला असतो. थोडाफार वाकडा पडदा पुष्कळांना असतो आणि त्याचा त्यांना काही त्रासही नसतो. उलट, नाक चोंदण्याची कारणे दुसरीही असतात: धुळीची किंवा परागांची ॲलर्जी, नाकातील मोड, मुलांमध्ये नाकामागे वाढलेल्या गाठी. आणखी एक कारण आपण स्वतःच निर्माण करतो. नाक मोकळे करणारे थेंब औषधाच्या दुकानातून आणून लोक महिनोन्‌महिने घालीत राहतात. त्या थेंबांनीच पुढे नाक अधिक चोंदते. म्हणून कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाने दुर्बिणीने आत पाहिल्यावाचून आणि औषधाने काय सुधारते ते आजमावल्यावाचून शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

आता जे सांगतो ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. श्वासाचे ऑपरेशन आणि रूपाचे ऑपरेशन यांची नावे निराळी असली तरी नाक एकच आहे. शेंडा बारीक करण्याच्या किंवा उंचवटा घासण्याच्या भरात आतला आधार फाजील काढला गेला, तर श्वास ओढताना नाकपुडीच्या आतली सर्वांत अरुंद जागा मिटते. चाफेकळी नाक मिळते आणि वारा बंद होतो. दुसरी गोष्ट, नाकाला आकार देताना जोड लागला तर शल्यविशारद तो प्रथम या पडद्याच्या कूर्चेतूनच घेतो. पहिल्या खेपेस ती सढळ हाताने काढून टाकली असेल, तर पुढे कानाची किंवा बरगडीची कूर्चा काढावी लागते. याकरिता दोन्ही गोष्टी मनात असतील तर त्या पहिल्याच भेटीत सांगाव्यात. पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी करता येतात.

ही दृष्टी आपल्या मुलखाला नवी नाही. कावसजी नावाचा एक गाडीवान 1792 च्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. त्याने मेणाचा पातळ साचा करून तो कपाळावर ठेवला, तेवढे कातडे सोडविले, दोन डोळ्यांमध्ये त्याचा देठ शाबूत राखला आणि ते कातडे खाली वळवून नाकाच्या जागी जोडले. वर कात भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकीगत चित्रासह छापली, आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने 1814 साली तसेच ऑपरेशन केले. त्या हकीगतीतील एक बारीक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे: दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत, ते भोके मोकळी राहावीत म्हणून. सुश्रुतानेही नवे नाक जोडताना आत दोन नळ्या ठेवावयास सांगितले आहे. ज्याला नाकच उरले नव्हते त्याचाही श्वास त्या लोकांनी विसरला नाही!

ओघात आपल्या पांढुर्ण्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. त्या प्रथेविषयी माझे मत येथे सांगत नाही. पण दगड तोंडावर बसलेला मुलगा ‘सूज उतरू दे, मग पाहू’ म्हणून घरी निजून राहतो, ते मात्र घातक आहे. पडद्याच्या आत रक्त साकळले तर नाक दोन्ही बाजूंनी बंद होते. ते रक्त त्वरित काढले नाही तर कूर्चा मरते आणि पुढे नाकाची दांडी बसते. म्हणून त्याच दिवशी नाक आतून तपासून घ्यावे. सरकलेले हाड साधारण आठ-दहा दिवसांच्या आत जागेवर बसविता येते. ती वेळ टळली की काही महिने थांबून मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

असो. त्या गृहस्थांकडे वळतो. मुलीचे वय बावीस, म्हणून वाढीचा प्रश्न नव्हता. मुलींनी सोळा आणि मुलांनी सतरा-अठरा वर्षांपूर्वी केवळ रूपासाठी घाई करू नये. चेहरा अजून वाढत असतो. तंबाखूचाही प्रश्न तिच्या बाबतीत नव्हता, पण आपल्या तरुणांच्या बाबतीत असतो. खर्रा, बिडी, सिगारेट यांतील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरण्यास अडथळा येतो. ॲस्पिरीन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वैद्याची पुडी, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगावे. हृदयाचे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके याही ऑपरेशनला असतात. कधी पडद्याला भोक पडते, कधी दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागते. संगणकावर नव्या नाकाचे चित्र दाखवितात ते अंदाजाचे असते. त्याला वचन समजू नये. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसावयास वर्ष लागते, तेव्हा ‘पुढच्या महिन्यात पाहुणे येणार आहेत’ या हिशेबाने हे काम होत नाही. शिवाय 2023 साली आपला जिल्हा वेगळा झाला, तरी अशा कामाला नागपूरचीच वाट धरावी लागते. रात्री रक्त वाहू लागले तर धावपळ होऊ नये, म्हणून निदान पहिला आठवडा नागपुरात कोणा नातलगाकडे राहावे.

पैशाच्या बाबतीत मला थोडे कठोर बोलावे लागले. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा सामान्यतः देत नाही. श्वासासाठी केलेल्याचा देतो. “सगळे श्वासाच्या नावावर लिहून घेता येते म्हणतात,” ते हळूच म्हणाले. श्वासाचा भाग खरा आहे, तो खरा म्हणून लिहावा. रूपाचा खर्च वेगळा लिहून घ्यावा आणि आपण सोसावा. खोट्या बिलावर उभे केलेले नाक घेऊन मुलगी सासरी जाणार, हे त्यांनाही रुचले नाही.

मग मी विचारले, हे तिला हवे आहे का? त्यांनी तिला विचारलेच नव्हते. आरशापुढे तासन्‌तास बसणारा, सगळ्या दुःखाचे मूळ नाकातच पाहणारा मनुष्य ऑपरेशननंतरही सुखी होत नाही. त्याला आधी मनाच्या डॉक्टरांची गरज असते. आणि दुसऱ्यांच्या शेऱ्यांखातर ऑपरेशनच्या टेबलावर चढणाऱ्याचे समाधान दुसऱ्यांच्याच हाती राहते. पुढल्या रविवारी ती वडिलांबरोबर आली. खरे सांगतो, ती नको म्हणेल अशी माझी अटकळ होती. तिने शांतपणे सांगितले की स्थळांसाठी नको. पण शाळेत शिकविताना दम लागतो तो जावा, आणि पडल्यापासून नाक वाकडे झाले आहे तेही सरळ व्हावे, असे तिला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. घरी खर्चाचे ओझे नको म्हणून ती बोलली नव्हती. माझ्याजवळ यावर आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते.

नागपूरच्या डॉक्टरांनी पडदा बराच वाकलेला आहे असे सांगितले. दोन्ही कामे एकत्र करण्याचे आणि उंचवटा अगदी थोडाच कमी करण्याचे ठरले. उन्हाळ्याच्या सुट्टीत नवतपाच्या उकाड्यात नाकावर पट्टी नको, म्हणून तिने दिवाळीच्या सुट्टीतली तारीख घेतली आहे. तिला चष्मा आहे. ऑपरेशननंतर काही आठवडे तो नाकावर टेकवावयाचा नाही, कपाळाला चिकटपट्टीने लटकवावा लागेल. तिच्या धाकट्या भावाने तो प्रयोग आताच स्वतःवर करून पाहिला, आणि त्या घरात पुष्कळ दिवसांनी सगळे मिळून हसले असे तिची आई सांगत होती.