विश्लेषण : बीपीचे रुग्ण मोजले, त्यांच्या गोळ्या सुरू आहेत का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नाशिकसह देशभरातील जिल्ह्यांत निवडक घरांतील लोकांचा रक्तदाब आणि रक्तातील साखर मोजली गेली. किती जणांचा बीपी वाढलेला आहे, हे त्यातून कळते. पण आज गोळी सुरू केलेला माणूस दोन वर्षांनी ती घेत असेल का? दीर्घकालीन आजारांत खरा प्रश्न हाच असतो.

फरक काय?

हे सर्वेक्षण म्हणजे एका वेळचा फोटो. पुढच्या फेरीत घरे आणि माणसे बदलतात. पाठपुरावा सर्वेक्षणात मात्र त्याच व्यक्तींना काही वर्षांनी पुन्हा भेटतात. त्यामुळे निदान कधी झाले, औषध कधी सुटले, खर्च केव्हा वाढला, हा क्रम लागतो.

असे काम झाले आहे का?

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती घेतली. त्यांनाच पुन्हा भेटण्याची ही योजना आहे. मात्र तिचे आकडे राज्यापुरते; जिल्ह्याचे चित्र त्यातून मिळत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात गरोदर माता आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला गेला. गरोदरपणातील पोषणाचा मुलांच्या मधुमेहाच्या धोक्याशी असलेला संबंध त्यातूनच दिसला.

नाशिकला गरज का?

सुरगाणा, पेठ तालुक्यांतील मजूर द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे येतात. गावच्या आरोग्य केंद्रात असा रुग्ण ‘आला नाही’ म्हणून राहतो आणि कामाच्या गावी त्याची नोंदच नसते. औषध त्याने सोडले की त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही, हे एकदाच केलेली मोजणी सांगू शकत नाही.

काय करता येईल?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. आरोग्य विभागाला सोबत घेऊन काही हजार रुग्णांचा, त्यांच्या संमतीने आणि नावे गुप्त ठेवून, पाच-दहा वर्षे पाठपुरावा करणे अशक्य नाही. त्यात स्थलांतरितांना शोधून काढण्याचा खर्च आधीच धरायला हवा. कारण जे सापडत नाहीत, त्यांचेच उपचार तुटलेले असण्याची शक्यता जास्त. शिबिरात किती जण तपासले, यावर पाठ थोपटून घेणे सोपे आहे. त्यातील किती जणांचा बीपी वर्षभरानंतरही आटोक्यात आहे, हे सांगता आले तरच ती सेवा रुग्णाच्या कामी आली असे म्हणता येईल.