ओळखीच्या आजोबांचा नातू

मे २०१९मध्ये विलायतेत राजपुत्र हॅरी आणि मेगनला मुलगा झाला, आर्ची, आणि मुंबईच्या डबेवाल्यांनी त्याच्यासाठी चांदीचे दागिने घेतले. शहरात अनेकांनी नाकं मुरडली. इंग्रज जाऊन सत्तर वर्षं झाली, तरी राणीच्या पणतवाचं एवढं कौतुक? मुळशीतल्या चांदे गावात बसून हे मला तितकंसं विचित्र वाटत नाही. डबेवाले मूळचे आमच्या मुळशीचे, शेजारच्या मावळ-खेडचे. आणि इकडे ओळखीच्या घरी बाळ झालं, की बाळंतविडा जातोच. ओळख होती बाळाच्या आजोबांची, म्हणजे चार्ल्सची. २००३मध्ये तो डबेवाल्यांना भेटायला चर्चगेटला आला, तोही त्यांच्या डब्यांची वेळ सांभाळून, आणि २००५मध्ये लग्नाचं बोलावणं धाडलं. दोघं जण जाऊनही आले. आपल्याकडे एखाद्या वारसाच्या जन्माकडे खरे डोळे लागले होते ते १७७४च्या एप्रिलात, पुरंदरावर. पेशवे नारायणरावांचा खून झालेला, त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर, आणि मुलगा होतो की मुलगी यावर राघोबादादांचं पेशवेपद अडलेलं. सवाई माधवराव जन्मले आणि बारभाई कारभाऱ्यांनी त्यांना जेमतेम चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली. तो आनंद निम्मा राजकारणाचा होता. आर्ची तर जन्मला तेव्हा गादीच्या रांगेत सातवा. त्याच्याकडून डबेवाल्यांना मिळायचं काय होतं? हसायचंच असेल तर दिवसभर कॅमेरे लावून बसणाऱ्या वाहिन्यांना हसा, या माणसांना नको.