हौस आणि हवस



रविवारी सकाळी कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही कधी उभे राहून पाहिले आहे का? ठाणे, मुंब्रा, डोंबिवली येथून मोटारसायकलस्वारांचे गट येतात. एकाच्या टाकीवर गरुडाचे चित्र असते. दुसऱ्याने सीटला तपकिरी चामडे चढवलेले असते. तिसऱ्याने मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या बांधलेल्या असतात. चहाच्या टपरीवर सगळे थांबतात. "हे हँडल कुठून आणलेस?", "रंग कोणी दिला?" असे एकमेकांना विचारतात. मग माळशेज घाटाच्या दिशेने निघून जातात.

आपल्यातील बरीच मोठी माणसे हे पाहून म्हणतात, "पैशांची उधळपट्टी, दुसरे काय!" मला मात्र तसे वाटत नाही. प्रवासाची ओढ या रस्त्याला नवी नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण हे मोठे बंदर होते. येथे उतरलेला माल याच बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. घाटातील लेण्यात कोरलेला ब्राह्मी लिपीतील शिलालेख आजही पाहता येतो. मोटारसायकलवरून जाणारा मुलगा वाटेत थांबून तो शिलालेख पाहील, रायते गावाजवळच्या पुलावर उल्हास नदीचे पाणी न्याहाळील, तर त्याचे पेट्रोल वाया गेले असे मी म्हणणार नाही.

शिवाय या छंदात हुन्नर आहे. यामाहा कंपनीची आर. एक्स. १०० ही मोटारसायकल आपल्या देशात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही ती आज रस्त्यावर धावताना दिसते. ती कोणी जिवंत ठेवली? गल्लीतल्या मिस्त्रींनी. ज्यांना कोणी इंजिनिअर म्हणत नाही, त्यांनी इंजिन खोलले, घासले, पुन्हा जोडले. हातात असे कसब असणाऱ्या माणसाचा आपण आदर केला पाहिजे.

मग माझे म्हणणे काय आहे? ते सांगण्यासाठी मी एका शब्दाकडे वळतो. मराठीत 'हौस' हा एक गोड शब्द आहे. आई हौसेने मुलीला नवे कपडे शिवते. कोणी हौसेने बाग लावतो. उर्दूत 'हवस' हा शब्द तुम्ही ऐकला आहे. त्याचा अर्थ लालसा, कधीही न भागणारी हाव. गंमत अशी की, ही दोन्ही एकाच अरबी शब्दाची रूपे आहेत. एका भाषेत तो शब्द आनंद देतो, दुसऱ्या भाषेत तो बदनाम आहे. मोटारसायकलच्या छंदाचेही अगदी असेच आहे.

आमच्या गल्लीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याने मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून मोठा आवाज करणारा सायलेन्सर बसवला. रात्री अकरा वाजता तो घरी येई, तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरत. मी त्याला कारण विचारले. तो हसून म्हणाला, "सर, लोकांनी वळून पाहिले पाहिजे ना!" त्या वेळी माझी अम्मी हृदयाच्या आजाराने अंथरुणावर होती. मी रागावलो नाही. त्याला चहासाठी घरात बोलावले आणि अम्मीच्या खाटेजवळ बसवले. तेवढ्यात रस्त्यावरून तशीच दुसरी एक गाडी गेली. अम्मी दचकली आणि तिने छातीवर हात ठेवला. मुलाने मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात त्याच्या गाडीला जुना सायलेन्सर परत बसला होता.

आवाजाचेही शास्त्र आहे. आपल्या देशातील नियमानुसार १७५ सी. सी. पेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलचा आवाज चाचणीत ८० डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. त्यात १० डेसिबलची वाढ झाली तर ती किरकोळ वाटेल. पण १० डेसिबलने वाढलेल्या आवाजात ध्वनीची ऊर्जा दहापट असते. सायलेन्सरमधली जाळी काढणारा मुलगा हे गणित विसरतो.

दुसऱ्याला दोष देण्याआधी मी माझी चूकही सांगतो. बी. एड. करत असताना मी एक जुनी मोटारसायकल घेतली. आरशांमुळे गाडी बोजड दिसते असे मित्र म्हणाले, म्हणून मी दोन्ही आरसे काढून टाकले. एका संध्याकाळी कल्याण-शिळ रस्त्यावर खड्डा चुकवण्यासाठी मी गाडी उजवीकडे घेतली. मागून टेम्पो येत होता. मला तो दिसलाच नाही. चालकाने जोरात ब्रेक दाबला, म्हणून मी वाचलो. पण मी पडलो आणि माझे कोपर फाटले. डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून आज तुमच्यासमोर फळ्यावर लिहू शकतो. दोन आरशांची किंमत मला त्या दिवशी कळली.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या ५२ व्या कलमानुसार, कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने आपल्या मर्जीने करायचा नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर बेकायदेशीर बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण याच कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. अपंग माणसाला आपल्या सोयीसाठी वाहनात रीतसर बदल करून घेता येतो. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी चाके बसवलेली स्कूटर तुम्ही पाहिली असेल. आमच्या ओळखीचे एक शिंपी लहानपणी पोलिओने अधू झाले. अशाच स्कूटरवरून ते रोज दुकानात जातात. माझ्या मते त्यांच्या स्कूटरइतकी सुंदर सजवलेली गाडी आपल्या शहरात दुसरी नाही.

म्हणून गाडीत कोणताही बदल करण्यापूर्वी स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : "या बदलाचा त्रास कोणाला होईल?" टाकीवर नक्षी काढली, सीट मऊ केली, पाण्याची बाटली ठेवायला जागा केली, तर कोणाचेही नुकसान होत नाही. ही हौस आहे. आरसे काढले, नंबरप्लेट वाकवली, समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा लावला, कान फाडणारा सायलेन्सर बसवला, तर त्याची किंमत दुसरा कोणीतरी मोजतो. ही हवस आहे.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, "सर, आम्हाला गाडी कधी मिळणार?" गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्या अर्ध्या तासाच्या मौजेसाठी अब्बांना कोर्टाची पायरी चढायला लावणे तुम्हाला शोभेल का?

तोपर्यंत करण्यासारखे खूप आहे. सुट्टीत एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीजवळ बसा. पंक्चर कसे काढतात, चेन कशी ताणतात, ब्रेक का लागतो, हे विचारा. नकाशा उघडा आणि मुरबाड, टोकावडे, माळशेज ही गावे आणि घाट शोधा. एक दिवस तुम्ही तुमच्या गाडीवरून त्या घाटात जाल. तेव्हा लोकांनी वळून जरूर पाहावे. पण दचकून नव्हे, कौतुकाने पाहावे.