पाकीट शेळीसाठी नाही

अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराला आपल्या मोहल्ल्यांत 'गरिबांचं पाकीट' म्हणतात. मुलगा दुबईला असेल तर सासूबाई सुनेला ते आणायला पाठवत नाहीत. आणलंच तर शेळीपुढे जातं. "सदका घेतल्यासारखं वाटतं," असं शाळेत भेटलेल्या एका आईने मला सांगितलं.

हा सदका नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदरपणात व बाळंतपणानंतर सहा महिने आईला, आणि सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत मुलाला हा आहार हक्काने दिला आहे. उत्पन्नाची अट नाही. आईसाठी रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. घरात मासळी रोज शिजते, कबूल. पण सुनेच्या ताटात किती तुकडे येतात?

हजरत उमर (रजि.) यांची रिवायत आठवा. बैतुलमालमधून वजीफा फक्त दूध तुटलेल्या मुलांना मिळे, म्हणून एक आई तान्ह्याचं दूध लवकर तोडत होती. रात्री ते रडणं ऐकून त्यांनी प्रत्येक बाळाला जन्मापासूनच वजीफा लावून दिला.

आहार खरोखर बुडतो तो बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलींचा. नाव चिपळूणच्या अंगणवाडीत, मुलगी राजिवड्यात! निघण्यापूर्वी सेविकेला सांगा, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या आणि माहेरच्या अंगणवाडीत नाव लावा. पाकीट खराब निघालं तर शेळीला घालू नका. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, आणि पोच मागून घ्या.