घर घेताना पूररेषाही पाहा

घर घेताना दर, स्टेशनचे अंतर आणि कर्जाचा हप्ता पाहिला जातो. पूररेषा फारसे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. दोहोंमधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. २० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेलगत ५० टक्क्यांहून अधिक. शिवाय या रेषा जुन्या नोंदींवर बेतलेल्या असतात आणि तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, त्यामुळे अतिवृष्टी वाढते आहे. सांगली-कोल्हापूरने २०१९ नंतर २०२१ मध्ये पुन्हा महापूर पाहिला.

पाणी ओसरले तरी आजार मागे राहतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, ओल्या भिंतींवरील बुरशीने दमा बळावतो. वरच्या मजल्यावर पूर येत नाही. पण उन्हात तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो आणि वृद्धांना, हृदयरोग्यांना ते सोसत नाही.

म्हणून टोकन देण्यापूर्वी विकास आराखड्यात पूररेषा तपासावी. पाणी कुठवर आले होते, हे परिसरातल्या जुन्या दुकानदाराला विचारावे. वरच्या मजल्यावरचे घर मे महिन्यातल्या दुपारी पाहावे. घरात दमेकरी किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल, तर पुरातही रुग्णालयाचा रस्ता खुला राहतो का, हा प्रश्न दराच्या आधी यायला हवा.