मोबाईलची सवय खेळण्याला नको

रिमोटवर धावणारी गाडी, पाण्यात सोडायची बोट, घरातल्या घरात उडणारा छोटा ड्रोन ही खेळणी आता मध्यमवर्गीय घरांत नवलाईची राहिलेली नाहीत. दिवाळीची भेट म्हणून, वाढदिवसाला किंवा परीक्षेतल्या गुणांचे बक्षीस म्हणून ती येतात. पूर्वी अशा खेळण्यांत पेन्सिल सेल घालावे लागत आणि दोन दिवसांत ते संपत. आता बहुतेक खेळण्यांबरोबर पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी मिळते. सेलचा खर्च वाचतो, कचरा कमी होतो आणि गाडीही जोरात पळते. हे सगळे चांगलेच आहे. मात्र या बॅटरीबरोबर आपण तिला एक सवयही लावली आहे, आणि ती मोबाईलची आहे. रात्री पलंगाशेजारच्या प्लगला लावायचे, झोपून जायचे आणि सकाळी काढायचे. खेळण्यातल्या बॅटरीच्या बाबतीत ही सवय धोक्याची आहे, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवे असे मला वाटते.

मोबाईलमध्ये बॅटरीसोबत तिच्यावर लक्ष ठेवणारे सर्किट असते. बॅटरी भरली की ते प्रवाह थांबवते, ती फार तापली तर चार्जिंग रोखते. खेळण्यातल्या आणि मॉडेलमधल्या बॅटऱ्यांत असा पहारेकरी असेलच याची खात्री नसते. वेगवान गाड्या, विमाने आणि ड्रोन यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लिथियम पॉलिमर बॅटरीत, म्हणजे शौकीन मंडळी जिला ‘लायपो’ म्हणतात तिच्यात, तो बहुधा नसतोच. क्षणात भरपूर प्रवाह देणे हे तिचे काम असते. त्यासाठी ती हलकी ठेवलेली असते आणि तिला धातूचे कठीण कवचही नसते. पातळ पाकिटात बसवलेल्या या बॅटरीची सुरक्षितता चार्जरवर आणि वापरणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असते. वापरणारा नऊ-दहा वर्षांचा असेल तर ती शिस्त कोणी पाळायची, हा खरा प्रश्न आहे.

आत काय घडते ते थोडक्यात पाहू. लिथियम सेलमध्ये दोन ध्रुवांच्या मधे अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याच्या अवतीभोवती पेट घेणारा द्रव असतो. बॅटरी जास्त चार्ज झाली, आपटून दबली, टोचली गेली किंवा फार तापली तर हा पडदा फाटतो किंवा वितळतो. मग आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते आणि वाढलेली क्रिया आणखी उष्णता निर्माण करते. तंत्रज्ञ याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. एकदा हे चक्र सुरू झाले की प्लग काढूनही ते थांबत नाही. अनेक प्रकारच्या लिथियम बॅटऱ्यांत आतल्या रसायनांतूनच ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे चादर किंवा गोधडी टाकून आग गुदमरवण्याचा उपायही चालत नाही. वर गोधडीच पेटते.

म्हणून पहिला नियम असा, की चार्जिंग घरातले मोठे माणूस जागे असताना आणि त्याच्या नजरेसमोर व्हावे. गादी, सोफा, गालिचा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा किंवा लाकडी कपाट ही त्याची जागा नव्हे. मोकळी फरशी किंवा कडप्प्याचा तुकडा उत्तम. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र नको, कारण तिथे शेजारीच गॅस असतो. घराच्या मुख्य दाराजवळ, चपलांच्या स्टँडवरही नको. तिथे आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. लहान फ्लॅटमध्ये हे सगळे जमवणे अवघड वाटेल, पण एका फरशीएवढी जागा प्रत्येक घरात सापडते.

दुसरी गोष्ट चार्जरची. निकेलच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला कधीही लावू नये. खोक्यात आलेला चार्जर हरवला म्हणून पिन बसते तो दुसरा लावणे, हा आपल्याकडचा सर्रास चालणारा जुगाड इथे महागात पडू शकतो. लायपोचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे त्याला चार्ज करणे म्हणजे आगीला आमंत्रण. दोन किंवा तीन सेलच्या बॅटरीत प्रत्येक सेल वेगळा मोजून भरणारा ‘बॅलन्स चार्जर’ हवा. बॅटरीवर दुसरे काही लिहिलेले नसेल तर तिच्या क्षमतेएवढाच प्रवाह ठेवावा. २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअर, त्याहून जास्त नाही. खेळून आल्याबरोबर गरम बॅटरी चार्जिंगला लावू नये. हाताला थंड लागेपर्यंत थांबावे.

बाजारात पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. साधा पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो आणि निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा. तिन्ही सेल एकाच खाचेत बसतात, म्हणून ते एकमेकांच्या जागी घालणे सोपे होते. सेलवरचे आकडे वाचायला मुलांना शिकवा. विज्ञानाच्या पुस्तकातले व्होल्ट त्यांना इथे प्रत्यक्ष भेटतात.

बॅटरी जपून ठेवण्याबाबत आपल्याकडे एक जुना समज आहे. ती पूर्ण उतरवून ठेवावी, म्हणजे जास्त टिकते, असे अनेकांना वाटते. निकेल कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातली ही सवय आहे. लिथियमला ती मारक ठरते. लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याची अंतर्गत हानी होऊ लागते आणि असा सेल पुन्हा चार्ज करताना धोका वाढतो. उलट पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवलेली बॅटरीही लवकर म्हातारी होते, फुगते. शाळा सुरू झाली आणि खेळणे माळ्यावर जाणार असेल तर बॅटरी खेळण्यातून काढून साधारण अर्धी भरलेली ठेवावी. म्हणजे प्रत्येक सेलला सुमारे ३.८ व्होल्ट, दोन सेलच्या बॅटरीला ७.६. अनेक चार्जरवर यासाठी ‘स्टोरेज’ असे वेगळे बटण असते. व्होल्ट दाखवणारा छोटा मीटरही मिळतो. निकेल मेटल हायड्राइडचे तसे नाही. ती पडून राहिली तरी आपोआप उतरते, म्हणून काही महिन्यांनी तिला पुन्हा चार्ज करावे.

बॅटरी ठेवायची जागा थंड आणि कोरडी हवी. एप्रिल-मेमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते. पत्र्याखालचा माळाही तसाच तापतो. तिथे बॅटरी ठेवू नये. तिची टोके चिकटपट्टीने झाकावीत. किल्ल्या, नाणी, स्क्रू यांच्या डब्यात ती टाकू नये. विमानप्रवासात सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही, टोके झाकून ती केबिनमधल्या बॅगेत ठेवावी लागते. विमान कंपन्या ज्या गोष्टीची इतकी काळजी घेतात, तिच्याबाबत आपण घरी थोडी तरी घ्यायला हवी.

फुगलेली, चेपलेली किंवा गोडसर उग्र वास येणारी बॅटरी संपली असे समजावे. ती दाबून सपाट करणे, टाचणीने हवा काढणे असले प्रयोग मुले करतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. अशी बॅटरी कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी.

बॅटरीतून धूर येऊ लागला तर ती उचलून बाहेर फेकण्याचा मोह होतो. तो टाळा. तळहात भाजतात ते अशाच वेळी. भाजलेली मुले पाहणाऱ्या डॉक्टरला लहान हाताची काळजी जास्त वाटते, त्यालाही कारण आहे. मूल वाढते तशी भाजल्याची जखम भरून आलेली कातडी ताणत नाही. बोटे आकसतात. मग पट्ट्या, व्यायाम, कधी कातडी बदलण्याची शस्त्रक्रिया, आणि हे वर्षानुवर्षे चालते. म्हणून आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढा, शक्य असेल तर मेन स्विच बंद करा, दार लोटून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असू शकतात. धूर छातीत गेलेले मूल वरवर बरे दिसले तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण दम लागणे काही तासांनीही सुरू होऊ शकते.

भाजलेल्या जागेवर साधे, वाहते नळाचे पाणी २० मिनिटे सोडावे. अंगठी, बांगडी, मनगटातला दोरा सूज येण्याआधी काढावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णालय गाठावे. डोळ्यात द्रव उडाला तर डोळाही वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावा. रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असेल तर त्याचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते पाहावे. धाकट्या भावंडाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी ताबडतोब एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग हे खेळणे नकोच. मला ते पटत नाही. मोटार, गिअर, व्होल्टेज, वजनाचा तोल हे सारे मूल यातून हाताने शिकते. मोबाईलच्या पडद्यावरून त्याची नजर हटते ती अशाच छंदांमुळे. बंदी घालून मुले छंद सोडत नाहीत, ती लपून करतात, आणि लपून केलेले चार्जिंग अधिक घातक असते. गॅसची शेगडी आपण घरातून काढून टाकली नाही, ती वापरायची रीत घालून घेतली. बॅटरीबाबत तेच करायचे आहे.

ही जबाबदारी एकट्या पालकांची मात्र नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. पण वेगवान मॉडेलच्या खोक्यावर ‘१४ वर्षांवरील’ असे छापलेले असते, आणि घरी ते खेळतो पाचवीतला मुलगा. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आणि नोंदणी आहे. बॅटरीवर त्याचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहूनच ती घ्यावी, आणि ते चिन्ह नसलेला माल विकणाऱ्यावर कारवाई व्हावी. खोक्यातला सूचनांचा कागद मराठीतही असावा आणि तो वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावा. ज्या शाळा-महाविद्यालयांत रोबोटिक्सचे वर्ग किंवा एरोमॉडेलिंगचे गट आहेत, तिथे चार्जिंगची ठरावीक जागा आणि वाळूची बादली असायलाच हवी.

शेवटचा मुद्दा कचऱ्याचा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या इतर कचऱ्यातून वेगळ्या देण्याची आपल्यावर. प्रत्यक्षात त्या घंटागाडीत जातात. तिथे दाबल्या गेलेल्या बॅटरीने कचरा पेटू शकतो आणि भाजतो तो सफाई कामगार. प्रत्येक सोसायटीने जुन्या बॅटऱ्यांसाठी एक वेगळा डबा ठेवावा आणि तो महिन्यातून एकदा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे पोहोचवावा. नगरपालिकांनी प्रत्येक प्रभागात असे केंद्र द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, आहे तो पाळला तरी पुरे आहे. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी घरात कुठे खेळण्याची बॅटरी चार्जिंगला लागलेली नाही ना, एवढे प्रत्येकाने पाहावे.