अनाथ कोणी केले?

दक्षिण कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगाने २६ मार्च २०२५ रोजी जो निष्कर्ष जाहीर केला, त्याने जगभर जपल्या गेलेल्या एका सोज्वळ समजुतीचा पाया उखडला. परदेशी दत्तक गेलेल्या ३६७ प्रौढ स्त्रीपुरुषांनी या आयोगापुढे तक्रारी नोंदविल्या होत्या. त्यांपैकी ५६ जणांच्या मानवी हक्कांचे उल्लंघन झाले होते, असे आयोगाने पहिल्या टप्प्यात मान्य केले आणि त्याची जबाबदारी थेट शासनावर ठेवली. आईबाप हयात असलेल्या मुलांच्या नावे 'अनाथ' म्हणून नव्या नोंदी तयार करण्यात आल्या. एखादे मूल मरण पावले किंवा आप्तांनी परत नेले, तर त्याच्याच कागदपत्रांवर दुसरे मूल विमानात बसविण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांना या प्रकाराबद्दल माफी मागावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, चीनने आपली मुले परदेशी दत्तक देणे जवळजवळ थांबविले आणि नेदरलँड्सने अशी मुले घेणे बंद करण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेत २००४ साली सुमारे तेवीस हजार परदेशी मुले दत्तक आली होती. २०२३ साली ही संख्या तेराशेच्याही आत आली.

या घडामोडींवर दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. 'बरे झाले, आपली लेकरे परक्यांच्या दारी जाऊन आपली संस्कृती विसरत होती,' असे एक गट म्हणतो. दुसरा गट हळहळतो: 'भिन्न वंशांची, भिन्न भाषांची माणसे एका छपराखाली नांदत होती, मानवतेचा हा केवढा सेतू होता, तो कायद्याच्या कीस काढणाऱ्यांनी मोडला.' पहिल्या गटाचा ढोंगीपणा उघड आहे. दुसऱ्याचे म्हणणे सद्हेतूचे असल्यामुळे अधिक फसवे आहे. पुरोगामी मंडळीही त्याला सहज भुलतात. म्हणून त्याचा परामर्श आधी घेतला पाहिजे.

दत्तक गेलेल्या मुलांचे आणि त्यांना वाढविणाऱ्या आईबापांचे प्रेम खोटे होते, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. स्वीडनमधल्या खेड्यात किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटात वाढलेल्या कोरियन मुलीला ज्या स्त्रीने तापात रात्र रात्र मांडीवर घेतले, ती तिची आईच होय. रक्तावाचून नाते नाही हा सरंजामी विचार आहे, आणि समाजवाद्याने त्याची वकिली करण्याचे कारण नाही. प्रश्न त्या घरातल्या प्रेमाचा नाही. त्या घरापर्यंत मूल कोणत्या वाटेने पोहोचले आणि त्या वाटेवर कोणाकोणाचा हिशेब चुकता झाला, हा आहे.

कोरियातील ही वाट १९५० ते १९५३ च्या युद्धातून निघाली. अमेरिकी सैनिक आणि कोरियन स्त्रिया यांच्या मुलांना स्वतःच्या देशात जागा नव्हती. ऑरेगॉनचे हॅरी होल्ट आणि त्यांच्या पत्नी यांनी १९५५ मध्ये अशा आठ मुलांना दत्तक घेतले, त्यासाठी अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला आणि त्यांचे कौतुक दूरवर पोहोचले. इथवर ही करुणेची कथा आहे. पण युद्ध संपून दहा-वीस वर्षे लोटली, देशात कारखाने उभे राहिले, निर्यातीचे आकडे चढू लागले, तरी मुले जातच राहिली. किंबहुना वाढत गेली. १९८५ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक मुले देशाबाहेर गेली. ती युद्धातील अनाथ नव्हती. खेड्यांतून कापडगिरण्यांत आणि विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांत कामाला आलेल्या अविवाहित मुलींची, कर्जबाजारी कुटुंबांची ती मुले होती. लष्करी हुकूमशहांच्या राजवटीला स्वस्त स्त्रीमजूर हवा होता. त्या मजूर स्त्रीच्या मुलासाठी पाळणाघर, भत्ता किंवा निवारा उभारण्याचा खर्च मात्र नको होता. परदेशी दत्तकाने हा खर्च वाचला आणि वर परकीय चलन मिळाले. चार खाजगी संस्थांकडे हा सारा व्यवहार सोपविण्यात आला. १९५५ ते १९९९ या काळात किमान एक लाख चाळीस हजार मुले अशी गेली. एकूण संख्या दोन लाखांच्या घरात असावी असाही अंदाज आहे. ज्या देशाने पोलाद आणि जहाजे निर्यात करून जगाला थक्क केले, त्याच्या निर्यातीच्या यादीत हा मालही होता, एवढेच.

(व्हिएतनाममध्ये तर वाट इतकी लांबही नव्हती. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडण्याच्या बेतात असताना अमेरिकी विमानांनी दोन हजारांहून अधिक मुले उचलून नेली. ४ एप्रिलच्या पहिल्याच उड्डाणाचे लष्करी विमान कोसळून त्यात अनेक बालके दगावली. वाचलेल्यांपैकी सगळीच अनाथ नव्हती, हे पुढे अमेरिकेतल्याच न्यायालयात मांडले गेले. पराभूत सैन्य माघार घेताना करुणेचे छायाचित्र काढून घेते, त्याचा हा नमुना.)

'परंतु तेथे राहून त्या मुलांचे काय झाले असते?' हा प्रश्न परोपकारी मंडळी विजयी मुद्रेने विचारतात. या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. मूल आणि आई यांना वेगळे करणे ही जणू निसर्गाची करणी होती आणि परदेशी कुटुंब हा त्यावरचा उपाय, असे ते गृहीत आहे. वस्तुतः आईला दरमहा थोडके पैसे आणि मान वर करून राहण्याची सोय मिळाली असती, तर त्यांतल्या कितीतरी मुलांना विमानात बसावेच लागले नसते. गरिबीने मूल सोडायला लावायचे आणि सोडल्यावर त्याला 'सोडून दिलेले' म्हणायचे, ही भाषा कारखानदाराने कामगाराला काढून टाकल्यावर त्याला 'बेकार' म्हणण्यासारखी आहे.

आणि ज्यांना नवे घर मिळाले, त्यांचे घर तरी किती पक्के होते? अमेरिकेने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २००० साली केला. पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांनी वयाची अठरा वर्षे पूर्ण केली होती, ते त्यातून वगळले गेले. त्यांच्या पालकांनी अजाणतेपणी कागद पुरे केले नसतील, तर चाळिशीत एखाद्या गुन्ह्याच्या निमित्ताने त्यांची हद्दपारी होऊ शकते, आणि झालीही आहे. ज्या देशाची भाषा येत नाही, अशा देशात त्यांना नेऊन सोडण्यात आले. ज्याला कुटुंब म्हणून मिरविले, त्याला राज्याने परका ठरविले. मानवतेच्या सेतूचे गोडवे गाणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

मग भिन्न संस्कृतींचा स्नेह कोठेच जुळला नाही काय? जुळला, पण परोपकाऱ्यांनी दाखविला तेथे नव्हे. कोरियन सरकारने ११ मे हा 'दत्तक दिन' ठरविला. डेन्मार्क, स्वीडन, अमेरिका येथे वाढून सेऊलला परतलेल्या दत्तक मुलांनी, आता प्रौढ झालेल्यांनी, तेथील अविवाहित मातांच्या संघटनेशी हातमिळवणी केली आणि २०११ पासून त्याच दिवशी 'एकल माता दिन' पाळायला सुरुवात केली. यांतल्या अनेकांना कोरियन बोलता येत नव्हते; त्या मातांना इंग्रजी येत नव्हती. तरी दोघांना एकमेकांचे दुःख कळले, कारण ते एकाच व्यवस्थेने दिले होते. या मंडळींच्या रेट्यामुळेच कोरियाचा दत्तकविषयक कायदा २०११ मध्ये बदलला आणि बाळाची जन्मनोंद व न्यायालयाची परवानगी सक्तीची झाली. ज्यांना 'नशीबवान' म्हणून गप्प बसविले जात होते, त्यांनीच पुढच्या मातांसाठी भांडावे, यापेक्षा थोर आंतरराष्ट्रीय नाते कोणते?

आता पहिल्या गटाकडे, म्हणजे संस्कृतिरक्षकांकडे वळावे. भारतातही हा व्यवहार काही स्वच्छ नव्हता. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून परदेशी दत्तकातील गैरप्रकार मांडले. न्या. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला, तो आजही वाचण्यासारखा आहे: देशात घर मिळविण्याचा प्रयत्न आधी झाला पाहिजे, मान्यताप्राप्त संस्थेवाचून परस्पर व्यवहार होता कामा नये, आणि बाळ जन्मण्याआधी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत आईकडून निर्णय घेऊ नये. तरीही पुण्यातील एका संस्थेच्या कारभाराची चौकशी २०१० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेलीच. संस्कृतिरक्षकांनी या लढाया कधी लढल्या नाहीत. सर्व धर्मीयांना खुले असे दत्तक विधेयक १९७२ मध्ये मांडले गेले, ते १९७८ मध्ये मागे घेण्यात आले. तेव्हाही संस्कृतीच्या नावाखाली निरनिराळ्या धर्मांतले पुढारी एकमेकांना पूरकच ठरले.

आणि आज? २०२४-२५ या वर्षात देशात नोंदल्या गेलेल्या ४,५१५ दत्तकांपैकी ४,१५५ देशातच झाली. याबद्दल समाधान मानावे, पण कोणती मुले उरतात तेही पाहावे. तीस हजारांहून अधिक दांपत्ये प्रतीक्षायादीत आहेत. त्यांतल्या बहुतेकांना तान्हे आणि निरोगी मूल हवे असते. गोरे असले तर उत्तमच. कायदेशीर मोकळीक मिळाल्यावर साठ दिवसांत देशातले कोणी पुढे आले नाही, तर ते मूल परदेशी पालकांसाठी खुले होते. अपंग, आजारी, सहा-सात वर्षांची मुले या साठ दिवसांत नाकारली जातात. त्यांना इटलीतले किंवा अमेरिकेतले जोडपे घरी नेते, तेव्हा 'आपली संस्कृती' म्हणून गळा काढणाऱ्यांनी गप्प राहावे हेच बरे. मराठी इतिहासात 'दत्तक' हा शब्द गादीच्या वारसाशी बांधला गेला आहे. सातारा आणि झाशी इंग्रजांनी त्याच निमित्ताने गिळली. वंश आणि वतन यांपलीकडे दत्तकाचा विचार करण्याची सवय येथल्या समाजाला फारशी लागलीच नाही.

ती लावण्याचा प्रयत्न मात्र झाला होता. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि फसविल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना उघड निमंत्रण दिले: गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हा. काशीबाई नावाच्या अशाच विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले. माळ्याच्या घरात ब्राह्मणीचा मुलगा वाढला. जातीच्या दोन जगांमधले अंतर त्या काळी दोन खंडांइतकेच होते. पण या कृत्यातली खरी गोष्ट दत्तकाच्या आधीची आहे. फुल्यांनी दार उघडले ते आधी आईसाठी.

महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचे नाव आहे. तीतून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला २७ हजार. परदेशी पालकांकडून संस्थेला मिळणारे विहित शुल्क ५,००० डॉलर आहे. रुपयांत ते चार लाखांच्या वर जाते. मुलाच्या देखभालीसाठी संस्थेला खर्च येतो, हे खरे. तो नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या रकमेवर मूल देशाबाहेर जाते, तीत त्याच मुलाचे आईजवळचे पंधरा वर्षांचे अनुदान बसते, हा हिशेब अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या आमदाराने सभागृहात का मांडू नये?

कायद्याने आईला मूल सुपूर्द केल्यावर फेरविचारासाठी दोन महिने दिले आहेत. त्या दोन महिन्यांत तिच्याकडे कोण जाते? संस्थेचा माणूस कागदावर सही घेऊन गेलेला असतो, घरच्यांनी दार लावलेले असते, गावाला ती कोठे आहे हेच ठाऊक नसते. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे प्रकरण आलेले असते आणि अनुदानाचा अर्ज कोणत्या कचेरीत मिळतो हे तिला कोणी सांगितलेले नसते. तालुक्याच्या गावी महिला आघाडीच्या चार कार्यकर्त्या असतील, तर त्यांनी हा अर्ज घेऊन साठ दिवस संपण्याच्या आत तिच्यापर्यंत पोहोचावे. तिला मूल ठेवायचे असेल तर ते ठेवता यावे म्हणून, आणि द्यायचेच असेल तर आपले नाव, गाव आणि कारण नोंदवहीत खरे लिहिले जावे म्हणून. 'अज्ञात' या शब्दाखाली ते मूल तीस वर्षांनी पुन्हा या तालुक्यात शोध घेत येईल, तेव्हा तेवढी एक ओळ तरी त्याच्या हाती लागेल.